दोघांच्या सहीचं खातं

आई, मागच्या आठवड्यात आम्ही दोघं बँकेत नवं खातं उघडायला गेलो होतो. धारवाडला घर बदलल्यापासून हुबळीची शाखा लांब पडते, आणि ह्यांच्या गुडघ्यांना आता बसची पायरी चढवत नाही. काउंटरवरची मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. तिनं फॉर्म पुढं सरकवला आणि म्हणाली, "आजी, पैसे काढताना दोघांची सही लागेल की एकाची चालेल, तिथं खूण करा." काउंटरच्या पलीकडे मी बत्तीस वर्षं बसले होते, हे तिला कुठून माहीत असणार! मी पेन घेतलं आणि त्याच ओळीपाशी थांबले. ह्यांना वाटलं, चष्मा विसरले. चष्मा डोळ्यांवरच होता. नुसती खूण केली असती तरी चाललं असतं, पण मी खालच्या मोकळ्या जागेत सगळं अक्षरात लिहिलं: दोघांपैकी कोणीही एक, किंवा मागे राहील तो. हे हसले, म्हणाले, "एवढं निबंध लिहिल्यासारखं कशाला?" घरी येऊन भात लावला, आणि तुला हे एकदा लिहायलाच हवं असं वाटलं. तू होतीस तेव्हा रोज सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

तुमचं दोघांचं खातं उघडलं तो दिवस मला आठवतो, कारण मी सातवीत होते आणि शाळा लवकर सुटली म्हणून तुमच्याबरोबर आले होते. अप्पा बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. त्यांचा हात इतका स्वच्छ की महिनाभर काम करूनही कागदावर शाईचा एक थेंब सांडलेला दिसायचा नाही. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडजवळच्या त्या छोट्या बँकेत त्यांनी आपलं एकट्याचं खातं बंद करून तुझं नाव घालायचं ठरवलं. क्लार्कनं तुझ्याकडे बघून अप्पांनाच विचारलं, "सही की अंगठा?" तूच उत्तर दिलंस, "सही." अळणावर गावच्या शाळेत तू चौथीपर्यंत कन्नड शिकली होतीस. घरात मराठी बोलणारी तू सही मात्र कन्नडात करायचीस, एकेक अक्षर शेवया वळल्यासारखं गोल गोल. अप्पांची सही इंग्रजीत, एका झटक्यात. कार्डावर त्या दोन सह्या एकाखाली एक बसल्या होत्या, आणि अप्पा ते कार्ड हातात धरून उगाचच बराच वेळ बघत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी तुला समजावून सांगितलं. खात्याला 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणतात. म्हणजे त्यांनी पैसे काढले तरी चालतं, तू काढलेस तरी चालतं, एकमेकांना विचारायलाही नको. "आणि आपल्यातलं एक गेलं, तर दुसऱ्याला सरळ मिळतात. कोर्टकचेरी नको, कुणापुढं हात पसरायला नको." तू एकदम थांबलीस. "रस्त्यात काय भलतंच बोलता! पोरगी आहे बरोबर." अप्पा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग त्यांनी आपल्याला गिरमिटाचे मसालेदार चुरमुरे आणि मिरचीभजी खायला घातली. मिरचीचं टोक तू मला दिलंस, तिखट नसतं म्हणून, आणि ते सगळ्यांत तिखट निघालं. तू पदर तोंडाला लावून हसतेस आणि अप्पा पाण्याचा पेला घेऊन धावतात, हे मला अजून असंच समोर दिसतं. त्या दिवशी आपण किती आनंदात होतो, आई. खातं उघडणं म्हणजे काहीतरी सणासारखं वाटलं होतं.

पुढं त्याच बँकेत मला नोकरी लागली. जुन्या हुबळीतल्या आपल्या गल्लीत तू घरोघर पेढे दिलेस. तू स्वतः बँकेत आलीस की मुद्दाम माझ्या काउंटरवर यायचीस, आणि घरी माझ्यावर ओरडणारी तू तिथं "मॅडम, एवढी स्लिप बघा हो" म्हणायचीस. मला लाज वाटायची, आणि आतून बरंही वाटायचं.

अप्पा निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून एकच आवाज निघायचा, आणि तो चुकीचा निघाला की ते डोळे मिटून घ्यायचे. तुझा लेक अण्णा तेव्हा धारवाडच्या पुढं बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याची शेड घेऊन लेथ चालवत होता. दोन कामगार, एक जुनं मशीन, आणि मोठी ऑर्डर मिळेल म्हणून दुसऱ्या मशीनसाठी दिलेला शब्द. अण्णा वाईट नव्हता. हे मी तेव्हा तुला म्हणाले नाही, पण तुलाही ते ठाऊक होतं. तो म्हणायचा, आजारी पडायच्या आधी अप्पांनी मला पैसे देईन म्हटलं होतं. म्हटलंही असेल. अप्पांना नाही म्हणता यायचं नाही. पण आता त्यांना विचारायचं कसं?

तो एका दुपारी बँकेत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातावर ग्रीसचे डाग, डोळे जागरणानं तांबडे. "अप्पांच्या खात्यात किती आहेत सध्या?" मी क्षणभरही विचार केला नाही. लेजर उघडलं आणि आकडा सांगितला. सख्खा भाऊ होता, त्यात लपवायचं काय, असं वाटलं. त्यानं मान हलवली आणि गेला.

संध्याकाळी तू चुलीसमोर बसून भाकरी थापत होतीस. तुला तो आकडा अण्णाकडूनच कळला होता. "आई, एवढे आहेत तर मशीनला देऊ या की," असं तो तुला म्हणून गेला होता. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "खातं कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या दोघांच्या."

"तुझ्या भावाचं नाव आहे त्यात?"

"नाही."

"मग त्याला आकडा कसा कळला?" परातीतला हात थांबला. "इथं तू माझी लेक आहेस. तिथं त्या जाळीच्या मागं बसतेस तेव्हा नाहीस. उद्या शेजारीण येऊन माझा आकडा विचारील. तिलाही सांगशील?" आवाज चढला नव्हता. तू मला त्या दिवशी जेवायला वाढलंस, नेहमीसारखी शेंगाचटणीवर तेलाची धार सोडलीस, पण माझ्याशी बोलली नाहीस. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळ साहेबांनी झापलं. ते सगळं मी विसरले. हे नाही विसरले.

दुसऱ्या दिवशी अप्पांचं चेकबुक शोधताना तुला ते कपाटात मिळालं नाही. मग आठवलं, आजारी पडण्याआधी अप्पांनी चार-पाच कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुकच अण्णाला दिलं होतं, लागेल तसं वापर म्हणून. अप्पांची ती एका झटक्यातली इंग्रजी सही. आणि खातं असं, की एकाची सही असली की पुरे.

तू एकटी बँकेत आलीस. माझ्या काउंटरवर आली नाहीस, सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेलीस. आमचे ते म्हातारे साहेब तुला ओळखत होते. "बर्री अक्का, कूडरी," म्हणत त्यांनी खुर्ची ओढून दिली. तुम्ही दोघं कन्नडात बोलत होता आणि मी खालमानेनं नोटांच्या बंडलांना कागदी पट्ट्या लावत होते. तू विचारलंस, माझ्या नवऱ्याच्या सहीचा चेक आला आणि मला तो द्यायचा नसला, तर मी अडवू शकते का? की सही त्यांची म्हणून माझं काही चालणार नाही?

साहेब म्हणाले, अडवू शकता. असल्या खात्यात दोघांपैकी एकानं लिहून दिलं की एका सहीवर पैसे देऊ नका, की आम्हाला थांबावंच लागतं. "पण मग तुम्हालाही एकटीच्या सहीनं काढता येणार नाहीत, अक्का. दोघं मिळून सांगाल तेव्हाच खातं सुटेल." तू बोटांवर खर्च मोजलेस. औषधं होती, मालिशवाला होता, घर होतं. मग म्हणालीस, "हौदरी, चालेल. कागद द्या."

शनिवारी दुपारी बँक सुटल्यावर साहेब स्वतः आपल्या घरी आले, डॉक्टरांची चिठ्ठी आणि शाईचं पॅड घेऊन. एका सहीची पद्धत काढून यापुढं दोघांच्या सहीनं व्यवहार होईल, असा नवा अर्ज करायचा होता. त्याला अप्पांची संमती लागत होती, आणि उजवा हात चालत नाही म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदारांसमोर. अर्ज मी लिहावा असा तुझा हट्ट. "तिचं अक्षर मला वाचता येतं," तू साहेबांना म्हणालीस. मी अप्पांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले. साहेबांनी अप्पांच्या कानाशी वाकून सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "तुमची हरकत नाही ना?" अप्पा तुझ्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मग त्यांनी आपणहून डावा हात उचलला. ठसा उमटला तो थोडा फाकला, शाई कागदावर पसरली. अप्पांनी ते बघितलं आणि डोळे मिटले. तू खोबरेल तेलाच्या चिंधीनं त्यांचा अंगठा पुसत होतीस, पुसून झाला तरी पुसतच होतीस.

अण्णाचा चेक आठवड्यात परत गेला. तो घरी आला आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "माझ्यावर विश्वास नव्हता तर तसं तोंडावर सांगायचं होतं, आई. मी मशीनवाल्यासमोर तोंडघशी पडलो."

"तुझ्यावर विश्वास आहे," तू म्हणालीस. "सही करून ठेवलेल्या कोऱ्या कागदावर नाही."

"एकच झालं ते."

तो गेला. मशीन आलं नाही, ऑर्डरही गेली. चार महिन्यांनी त्यानं शेड सोडली आणि शेजारच्याच कारखान्यात दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिला. आपल्याकडे यायचा बंद झाला. दर महिन्याला मी स्लिप घरी आणायची, तू गोल गोल सही करायचीस, अप्पांचा अंगठा लावायचीस. बाहेर कुणाच्या पावलांचा आवाज झाला की अप्पा दाराकडे बघायचे, आणि आपण दोघी बघितलं नाही असं दाखवायचो.

अप्पा गेले तेव्हा अण्णा आला. मुलगा म्हणून सगळं त्यानंच केलं, तेरा दिवस राहिला, आणि तेरा दिवसांत तुझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नाही. चौदाव्या दिवशी सकाळच्या बसनं निघून गेला.

मग आपण दोघी बँकेत गेलो. मृत्यूचा दाखला तू पिशवीत पासबुकात घालून आणला होतास. म्हातारे साहेब अजून होते. त्यांनी अर्ज काढला, वाचला, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "अक्का, जुनी पद्धत असती तर आज लगेच तुमच्या हातात दिले असते. ह्यात फक्त 'दोघांनी मिळून' एवढंच लिहिलंय. 'किंवा मागे राहील त्याला' हे शब्द नाहीत. ते नसले की एक गेल्यावर दुसऱ्याला एकट्यानं मिळत नाहीत. तुमच्याबरोबर त्यांच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. ही तुमची मुलगी आहेच. आणि मुलगा."

"त्याचीही?"

"हौदरी. त्याच्याशिवाय नाही होणार."

तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होते. मला वाटलं, आता घरी गेल्यावर परातीतला हात पुन्हा थांबेल. तू एवढंच म्हणालीस, "मग जायला पाहिजे बेलूरला."

बसमध्ये तू खिडकीशी बसली होतीस. धारवाड मागे पडलं, पुढचा रस्ता उन्हानं पांढरा झाला होता. तू मांडीवर डबा घट्ट धरला होतास, त्यात भाकरी आणि भरली वांगी. कारखान्याच्या फाटकात आपल्याला बघून अण्णा मशीन बंद करून बाहेर आला, हात पुसत. तू सरळ म्हणालीस, "तुझी सही पाहिजे. बँकेला."

"माझी? त्या खात्यात माझं काय आहे?"

"तुझ्या बापाचं होतं. म्हणून तुझंही आहे. कायदा म्हणतो तसं. मी नाही म्हणत." तू थांबलीस. तोंडावर ऊन येत होतं, पण तू पदर पुढं घेतला नाहीस. "कायद्यानं पाठवलं म्हणून आले मी. नाहीतर आले नसते." मग खूप हळू म्हणालीस, "आले असते रे. पण इतक्या लवकर नसते आले."

अण्णानं तुझ्या हातातला डबा घेतला. शेडच्या सावलीत लोखंडाच्या एका पेटीवर बसून त्यानं तो आपल्यासमोरच सगळा संपवला, आणि तो जेवत असताना तू त्याच्या पाठीवर पडलेला लोखंडाचा कीस बोटांनी एकेक करून झटकत होतीस.

दुसऱ्या दिवशी तो रजा काढून बँकेत आला. साहेबांनी त्याला नीट सांगितलं की वारस म्हणून त्याचा ह्यात वाटा आहे, मागायचा तर मागावा, सही करून सोडायचा तर तसं लिहून द्यावं, घाई नको. अण्णानं सगळं आईलाच द्या म्हणून लिहून दिलं. त्याची सही बघून मी दचकले. तीच, एका झटक्यातली. साहेबांनी विचारलं, आता नवं खातं एकटीच्या नावानं काढू का? तू म्हणालीस, "नाही. माझं आणि मुलाचं." अण्णानं मान वर केली. "दोघांच्या सहीनं," तू म्हणालीस. "आणि एक गेलं तर मागे राहील त्याला. तेही लिहा, नीट." मग अण्णाकडे वळून, जणू काही कामाचंच सांगतेस अशा आवाजात, "दर महिन्याला यावं लागेल तुला. माझ्या एकटीच्या सहीनं होणार नाही."

आणि तो आला, आई. तू असेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आला. येऊन स्लिपवर सही करायचा आणि संध्याकाळपर्यंत जायचं नाव घ्यायचा नाही. पुढं तू त्याच खात्यातून त्याला मशीनही घेऊन दिलंस, दोघांच्या सहीनं. तू गेल्यावर बँकेनं उरलेले पैसे नियमाप्रमाणे त्याला दिले, मागे राहिलेला म्हणून. बँक देते ती एका हातात, बाकीच्या वारसांचा हक्क त्यानं पुसला जात नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मी काही म्हणायच्या आधी तो अर्धे घेऊन माझ्या दारात उभा होता.

आता ते, जे सांगायला बसले. तू सगळ्यांना सांगायचीस, "माझ्या लेकीनं अर्ज असा लिहिला की अण्णाला घरी यावंच लागलं. बँकेतली आहे ती, तिला पुढचं दिसत होतं." मावशीला सांगितलंस, माझ्या सासूबाईंना सांगितलंस, शेवटच्या आजारपणात नर्सलाही सांगितलंस. अण्णाही तेच धरून चालतो, अजून.

मला पुढचं काही दिसत नव्हतं, आई. त्या शनिवारी साहेबांनी मला पूर्ण वाक्य सांगितलं होतं. मी 'दोघांनी मिळून' पर्यंत लिहिलं आणि मान वर केली. अप्पा माझ्या पेनाकडे बघत होते. आयुष्यभर कागद वाचलेला माणूस, उलटा धरलेलाही वाचायचे. त्यांच्यासमोर 'मागे राहील त्याला' हे शब्द माझ्या हातानं लिहायचे, ते काही मला जमेना. मी पूर्णविराम दिला. साहेबांनी विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." त्यांनी एकदा अप्पांकडे बघितलं आणि तेही पुढं बोलले नाहीत.

सोमवारी ते शब्द घालून घेता आले असते. सोमवारी मी ते विसरून गेले होते. नियम मला ठाऊक होता, पण त्याचं काय होईल हा विचार मनात आला नाही. अण्णानं सही दिली नसती तर तुला महिनोन्महिने घरखर्चाला उसनं घ्यावं लागलं असतं, कोर्टात जावं लागलं असतं, आणि ते सगळं माझ्यामुळं झालं असतं. झालं नाही, आणि तू मला हुशार म्हणत राहिलीस. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच सांगणार होते. पण तू इतकी खूश होतीस, आणि परातीपाशी बसून तू मला जे बोलली होतीस त्यानंतर तुझ्या तोंडून माझं कौतुक मला हवं होतं. म्हणून मी गप्प बसले आणि ते घेत राहिले.